परदेशात गोळ्या संपल्या तर कोणते नाव सांगाल?

कापडाच्या धंद्यात एकच ग्रे माल चार शिक्क्यांनी बाजारात येतो. जाणकार शिक्का पाहत नाही, सुताचा काउंट विचारतो. औषधांचेही असेच आहे, हे आम्हाला दुबईत उमगले.

जुन्या मधुमेहामुळे आलेल्या पुरुषी कमजोरीवर आम्ही घाटकोपरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतो. मधुमेहात हा त्रास पुष्कळांना होतो, त्यात शरमेचे काही नाही. खरेदीच्या निमित्ताने सहकुटुंब दुबईला गेलो आणि पाकीट घरीच राहिले. देराच्या केमिस्टला ब्रँडचे नाव सांगितले. त्याने मान हलवली व विचारले, "सॉल्ट कोणता?" आम्ही निरुत्तर!

व्हायग्राला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यातील औषध सिल्डेनाफिल. आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे देशी कंपन्यांनी हेच औषध आपापल्या नावांनी काढले. ही नावे परदेशी दुकानदाराला ठाऊक असतीलच असे नाही. दुसरे औषध टाडालाफिल. सिल्डेनाफिलचा असर साधारण चार-पाच तास, तर टाडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत राहतो. म्हणून एकाचे मिलिग्रॅम दुसऱ्याला लावू नयेत. सिल्डेनाफिल पन्नासच्या जागी टाडालाफिल पन्नास मागणे म्हणजे मीटरने घ्यायचा माल किलोने मागणे!

आमच्या कांदिवलीच्या अजंता फार्माची 'कामाग्रा' पाहा. तीत सिल्डेनाफिलच आहे. पण ब्रिटनमध्ये तिला परवाना नाही, तेथे ती विकणे गुन्हा आहे आणि त्या नावाचा नकली मालही फिरतो. उलट तेथेच २०१८ पासून सिल्डेनाफिल पन्नास मिलिग्रॅम 'व्हायग्रा कनेक्ट' या नावाने चिठ्ठीविना मिळते. मात्र फार्मासिस्ट आधी प्रकृतीची चौकशी करतो.

ती चौकशी किती मोलाची, हे त्या देराच्या दुकानातच दिसले. बरोबरचे मुलुंडचे स्नेही हळूच म्हणाले, "शेठ, एक पाकीट आमच्यासाठीही घ्या." केमिस्टने त्यांना विचारले, छातीत दुखण्यासाठी काही घेता का? स्नेह्यांनी खिशातून सॉर्बिट्रेट काढली. केमिस्टने साफ नकार दिला. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट औषधाबरोबर ही गोळी पडली तर रक्तदाब एकाएकी कोसळतो, जीवही जाऊ शकतो. टाडालाफिल घेतल्यावर तर निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट चालत नाही. स्नेही घामाघूम झाले. आदल्याच रात्री त्यांनी आमच्याकडे एक गोळी मागितली होती. पाकीट घरी राहिले म्हणूनच ती त्यांना मिळाली नव्हती.

आता आम्ही पासपोर्टच्या पाकिटात डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि आमची इतर सर्व औषधे लिहिलेली असतात. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरत नाही, कारण कस्टमवाल्याला सुटी गोळी कशाची हे कळत नाही. मूळ नाव पट्टीवर छापलेलेच असते. २०१८ च्या नियमाने ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात असते, चष्मा तेवढा हवा.