न दिसणारी गळती

बागेतला पंप गळायला लागला की आधी बघायचं ते थेंब पडतोय कुठून. अर्ध्या-एक हॉर्सपॉवरच्या मोनोब्लॉक पंपाला गळायच्या जागा मोजक्याच असतात. पाइपाच्या आट्यांतून पाणी झिरपत असेल तर जोड खोलून सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावली की झालं. केसिंगच्या जोडावर ओल असेल तर गॅस्केट गेलं. पाणी भरायच्या बुचाखालून येत असेल तर वायसर. ही सगळी पान्याची कामं. पण मोटार आणि पंप यांच्या मधल्या फटीतून, शाफ्टच्या बरोबर खाली टपटप सुरू झाली तर सील गेलं असं समजायचं. इथून पुढे घाई करून चालत नाही. सील सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला दुसऱ्याच कशाने तरी मारलेलं असतं.

मोनोब्लॉक म्हणजे मोटारीचा आणि पंपाचा शाफ्ट एकच. एका अंगाला तांब्याचं वायंडिंग आणि वीज, दुसऱ्या अंगाला पाण्यात फिरणारा इम्पेलर, आणि दोघांत जेमतेम काही बोटांचं अंतर. ५० हर्ट्झच्या विजेवर हा शाफ्ट मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतो. तो मोकळा फिरायचा तर त्याच्याभोवती फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून पाणी मात्र येऊ द्यायचं नाही.

यावरचा जुना उपाय ग्लँड दोरीचा. ग्रीस किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे कापून शाफ्टभोवती बसवायचे, वेढ्यांचे सांधे एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, आणि वरून ग्लँडचे नट आवळायचे. अशा पंपाला थोडं गळावंच लागतं. त्या थेंबांनीच दोरी गार राहते. थेंब पुरता बंद व्हावा म्हणून नट करकचून आवळले की दोरी जळते आणि शाफ्टवर चर पडतात. पट्ट्यावर चालणारे जुने पंप ज्यांनी सांभाळले, ते ग्लँडला हात लावून नुसत्या ऊबेवरून सांगतात, "अर्धा आटा ढिला कर."

महाराष्ट्राच्या विहिरींवर हे यंत्र आलं त्यात किर्लोस्करवाडीचा वाटा मोठा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा त्यांची ओळख लोखंडी नांगरांची होती. १९२६ साली तिथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. तोवर विहिरीवर मोट होती, बैल होते, नाडा-सोंदूर होता. मोटेचं चामडं फाटलं की शिवून देणारा कारागीर गावातच असे. पंप आला तरी चामडं लगेच सुटलं नाही. जुन्या फुटवॉल्व्हमध्ये पाणी अडवायला चामड्याचंच वायसर असे.

आजच्या छोट्या पंपांत ग्लँड दोरीची जागा मेकॅनिकल सीलने घेतली आहे. शे-दोनशे रुपयांची ही वस्तू एकदा हातात घेऊन नीट पाहावी. त्यात दोन कड्या असतात. एक पांढरी, सिरॅमिकची, रबरी कपात बसून जागच्या जागी राहणारी. दुसरी काळी, कार्बनची, शाफ्टबरोबर फिरणारी. काळीच्या मागे रबराचा भाता आणि स्टीलची स्प्रिंग. स्प्रिंग कार्बनला सिरॅमिकवर सतत दाबून धरते. दोन्हींची तोंडं इतकी सपाट घासलेली असतात की उंचसखलपणा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास राहतो. त्या दोन तोंडांच्या मध्ये पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा शिरतो आणि सारा कारभार त्याच्यावर चालतो. वंगण तोच, गारवाही तोच.

पापुद्रा गेला की सील गेलं. पंप कोरडा चालला तर कार्बन सिरॅमिकवर नुसता घासत राहतो आणि बघता बघता दोन्ही भाजतात. तेवढ्यात गार पाणी येऊन थडकलं तर तापलेली सिरॅमिक तडकते. म्हणून जुनं सील टाकून देण्याआधी पुसून उजेडात धरावं. जाणता मिस्त्री हे करतोच. सिरॅमिकला आडवा तडा आणि रबर करपलेलं असेल तर पंप कोरडा चाललाय. कार्बनवर गोल चर असतील तर पाण्यातून वाळू येतेय. स्प्रिंगवर पांढरा थर असेल तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. त्यांनी स्प्रिंग जखडली की झिजलेला कार्बन पुढे सरकत नाही आणि तोंडं सुटतात.

यातलं पहिलं कारण बागेत फार आढळतं, आणि त्याचं मूळ पंपात नसतंच. पंप टाकीच्या किंवा विहिरीच्या पाण्याहून वर बसवलेला असला की चालताना सक्शन पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला जोड ढिला असेल तर पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि पंप मात्र पाणी सोडून देतो. समुद्रसपाटीला हवेच्या दाबाने पाणी फार तर १०.३ मीटर चढेल. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे जाऊ नये. मेमध्ये विहीर खाली गेली की हाच पंप, हाच पाइप असूनही पाणी तुटायला लागतं. दिसणारी गळती ही बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या गळतीचं फळ असते. नवं सील घातलं आणि सक्शन तपासलंच नाही, तर माझ्या मते ती दुरुस्ती नव्हेच.

तपासायला फार काही लागत नाही. पंप बंद करून केसिंग काठोकाठ भरावं, बूच उघडं ठेवून थोडं थांबावं. पातळी उतरत गेली तर फुटवॉल्व्ह धरत नाही किंवा सक्शनचा जोड ढिला आहे. फुटवॉल्व्हमध्ये बहुधा पान नाहीतर गाळ अडकलेला असतो. मग पंप चालू करून सक्शनच्या एकेका जोडावर साबणाचा फेस लावावा. ज्या जोडावर तो आत ओढला जातो, चोर तिथे आहे.

मिनिटाला साठ थेंब म्हणजे दिवसाला साधारण चार लिटर. झाडांच्या हिशेबात ते काहीच नाही, म्हणून माणसं महिनोन्‌महिने खाली बादली ठेवून चालवून घेतात. पण ते पाणी बेअरिंगच्या दारात पडत असतं. शाफ्टवरची रबरी चकती त्याला उडवून लावते आणि ते खालच्या भोकातून निघून जातं. हे भोक चिखलाने बुजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, घरघर सुरू होते, आणि शेवटी ओल वायंडिंगपर्यंत पोचते. शिवाय ओल्या मातीत अनवाणी उभं राहून कळ दाबणारं माणूस घरातलंच असतं. अर्थिंग नीट हवं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर हवाच.

ठिबक आणि टायमर लावलेल्या बागेत आणखी एक घात होतो. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि पंप मात्र चालू. पाणी केसिंगमध्येच घुसळत राहतं, तापतं, आणि सील त्या गरम पाण्यात शिजतं. एक फांदी बंद करायच्या आधी दुसरी उघडावी, आणि शेवटची बंद करायच्या आधी पंप थांबवावा. ठिबकची जाळी तुंबली तरी हेच होतं.

सील आणायला जाताना जुनं सील बरोबर न्यावं. ते शाफ्टच्या जाडीवर मिळतं आणि दुकानात माप सुतात चालतं. पाच सूत म्हणजे ५/८ इंच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तालुक्याच्या कुठल्याही मोटार रिवायंडिंगवाल्याकडे ते मिळतं. खोलायच्या आधी मेन स्विच बंद करावा, वायरी सोडवाव्यात. कपॅसिटरला हात लावायचा असेल तर त्यातला चार्ज उतरवून घ्यावा. इम्पेलर निघाला की शाफ्ट बोटाने चाचपावा. चर लागले तर बारीक पॉलिश पेपरने ते घालवावेत, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी फाटतं. शाफ्ट वरखाली हलत असेल तर बेअरिंगही बदलावं, कारण हलत्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. सीलच्या तोंडांना बोट लावू नये. हाताचं तेल आणि धुळीचा कणही तिथे नको. रबराला साबणाचं पाणी लावून सिरॅमिक स्वच्छ फडक्याखालून दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबत बसवावी. हातोडी जवळसुद्धा आणू नये. सगळं जोडून झालं की शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, केसिंग पाण्याने भरावं आणि मगच कळ दाबावी.

पहिल्या दिवशी दोन-चार थेंब पडले तर पडू द्यावेत, तोंडं एकमेकांत बसायला वेळ घेतात. दुसऱ्या दिवशीही पडत राहिले, तर सिरॅमिक तिरकी बसली आहे असं समजून पंप पुन्हा खोलावा.