संपृक्त मेद: साखळी किती लांब?

तूप, खोबऱ्याचे तेल, पामतेल या साऱ्यांची आपण ‘संपृक्त मेद’ म्हणून एकत्रच गणना करतो. संपृक्त याचा अर्थ एवढाच, की मेदाम्लाच्या साखळीतील कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध नाही. साखळी किती लांब हे या नावातून कळत नाही. आणि शरीरात पुढे काय घडते ते बरेचसे लांबीवरच ठरते.

८ किंवा १० कार्बनची मेदाम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात आणि तेथे लवकर जळतात. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाचा मार्ग लांबचा. आतड्याच्या पेशींत त्याचे पुन्हा मेद बनतात, त्यांचे सूक्ष्म कण लसिकावाहिन्यांतून रक्तात येतात आणि बराच भाग मेदपेशींत साठतो.

‘खोबऱ्याच्या तेलाने वजन उतरते’ असे आम्ही अनेकदा ऐकतो. प्रयोगांत थोडी घट दिसली ती ८ व १० कार्बनची मेदाम्ले वेगळी काढून बनवलेल्या तेलाने. खोबऱ्याच्या तेलात ही दोन्ही मिळून जेमतेम १५ टक्के. जवळजवळ निम्मा वाटा १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा. पुस्तके त्याला ‘मध्यम साखळी’त बसवतात, पण ते बहुतांशी लांब साखळीच्याच वाटेने जाते, आणि रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते. जाहिरातींत हे कशाला सांगतील!

मग लांबी वाढली की अपाय वाढला, असे समजायचे का? तसेही नाही. कोको बटरमधील १८ कार्बनचे स्टिअरिक आम्ल एलडीएल फारसे वाढवत नाही.

पामिटिक आम्लाची गोष्ट अधिक गंभीर आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वसाधारण वजनाच्या ३९ तरुण स्त्री-पुरुषांना ७ आठवडे नेहमीच्या आहाराखेरीज मफिन केक खायला दिले. एका गटाचे पामतेलात केलेले, दुसऱ्याचे सूर्यफुलाच्या तेलात. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलो वाढले. पण यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी पामतेलाच्या गटात कितीतरी अधिक भरली. वजनकाट्यावर हा फरक दिसलाच नसता. यकृतात मेद साचले की ते इन्शुलिनला नीट दाद देत नाही, रक्तात साखर सोडतच राहते. मधुमेहाकडे जाणारी एक वाट इथूनच सुरू होते.

बिस्किटाच्या पुड्यावर संपृक्त मेदाचा एकच आकडा छापलेला असतो. पामतेल आहे की नाही, ते घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत सापडते.