आठ मिनिटांत एक्स्प्रेस वे

कळंबोलीला मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर गाडी घातली, की खंडाळ्याचा घाट चढून एक्स्प्रेस वे संपेपर्यंत 94.5 किलोमीटर होतात. रस्ता मोकळा मिळाला तरी तासाच्या वर जातो. मेंदूची एखादी मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर तेवढ्या लांबीचे मज्जातंतू मेंदूतून जायला आठच मिनिटं लागतात. मिनिटाला 12 किलोमीटर! लॉस एंजेलिसचे मेंदुविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडलेला हा हिशेब. तो सरासरीचा आहे, कुणाचं नुकसान सावकाश होतं, कुणाचं याहून भराभर.

त्याच एका मिनिटात 19 लाख चेतापेशी मरतात. 2011च्या जनगणनेत पनवेल शहराची वस्ती 1 लाख 80 हजार होती. म्हणजे मिनिटाला दहा पनवेल. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने साधारण 80 मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात 15 कोटी 20 लाख पेशी गेलेल्या असतात. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा सव्वाअकरा कोटींच्या आत होती.

एवढी घाई का, तर मेंदूकडे ऊर्जेची शिल्लक अशी नसतेच. त्याच्यात 8600 कोटी चेतापेशी आहेत, म्हणजे पावणेपाच लाखांहून जास्त पनवेल, आणि वजन जेमतेम 1300 ते 1400 ग्रॅम. शरीराच्या वजनाचा हा 2 टक्के भाग 20 टक्के ऊर्जा खातो, तीही रक्तातून क्षणाक्षणाला पोचवावी लागते.

अशा पक्षाघाताला आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ मग कोमट तेलाने मालिश होते, कुणी म्हणतं, रात्र झाली आहे, सकाळी बघू. माझा जीव अडकतो तो या ‘सकाळी बघू’पाशी. उपचाराविना गेलेल्या एका तासात मेंदू 3.6 वर्षांनी म्हातारा होतो, असं सेव्हर यांचं गणित आहे. रात्री अकराला तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली आणि सात वाजेपर्यंत थांबलो, तर जवळपास 29 वर्षं गेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घात करतं. म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नये. 108ला फोन करावा, आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते लक्षात ठेवावं. डॉक्टर आधी तेच विचारतात.

हात हलू लागला की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. बाबा आता उगाच रडतात, चिडतात, व्यायामाला नाही म्हणतात. त्याला आपण हट्ट म्हणतो. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. हात चालवणारा आणि मन सांभाळणारा असे दोन मेंदू कुणाला नसतात.

मिनिटांची गोष्ट दिसते तरी, वर्षानुवर्षांची दिसतही नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. 2024च्या लॅन्सेट आयोगाने 14 कारणं मांडली. ती दूर झाली तर जगातले 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. त्यात मध्यमवयातला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर आहे, लहानपणी सुटलेली शाळा आणि म्हातारपणचं एकटेपणही आहे. सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक, 7 टक्के, ऐकू कमी येण्याचा. चाळिशीचा चष्मा आपण बिनदिक्कत लावतो, कानाच्या यंत्राची मात्र लाज वाटते. आजोबा मग लग्नकार्यात कोपऱ्यात बसतात, हळूहळू जायचेच बंद होतात. अमेरिकेत 977 ज्येष्ठांवर झालेल्या कानाच्या यंत्राच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2023 साली आले. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण कानाच्या यंत्रामुळे तीन वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली होती.