पाण्याखालचें रान

तळें म्हणजे पाण्यानें भरलेला खड्डा, अशी शहरांत राहणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. आणि गाळ काढून तें खोल केलें कीं त्याचा जीर्णोद्धार झाला, असेंही सहज मानलें जातें. ही समजूत किती अपुरी आहे, हें पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलावांवरून चांगलें कळून येतें.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारों तलाव आहेत. त्यांतील पुष्कळ कांहीं शतकांपूर्वीं गोंड राजांच्या काळांत कोहळी समाजांतील कुशल लोकांनीं बांधले. त्यांपासून भातशेतीला पाणी मिळे आणि ढीवरांना मासळी. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गांवाकडून होणारी देखभाल हळूहळू सुटली. मग उथळ पाण्यांत बेशरम माजली. ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील. तिला गुरें तोंड लावीत नाहींत, आणि मोडलेली फांदी चिखलांत पडली तरी तिला मुळें फुटतात. पुढें रोहू, कटला यांचें बीज सोडण्याची पद्धत आली. परंतु हे मासे वाहत्या नदींत वीण करणारे असल्यामुळें तें बीज पुन्हां पुन्हां विकत घ्यावें लागतें. इकडे देशी मासे घटत गेले, आणि त्यांबरोबर ढीवरांच्या घरचें अन्नही.

२००० सालानंतर अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ आणि ढीवरांच्या सहकारी संस्था यांनीं या कामास हात घातला, तो वनस्पतींपासून. ढीवर स्त्रियांचा त्यांत मोठा वांटा आहे. बेशरम मुळासकट उपटावयाची, उन्हाळ्यांत तळ नांगरावयाचा, आणि पाणी चढूं लागलें म्हणजे देशी पाणवनस्पती लावावयाच्या, असा हा क्रम.

यांपैकीं हायड्रिला व फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया चिखलांत मुळें रोवून वाढतात; सेराटोफायलमला मुळेंच नसतात. या वनस्पती सूर्यप्रकाशांत पाण्यांत प्राणवायु सोडतात व गाळ धरून ठेवितात. त्यांच्या आश्रयानें गोगलगाई व कीटकांच्या अळ्या पोसतात, आणि त्यांवर माशांचीं पिलें. मरळ मासा आपलीं पिलें अशाच दाटींत राखतो. वर तरंगणाऱ्या पानांवर कमळपक्षी अंडीं घालतो. तीं उबविण्याचें काम मात्र नराकडे असतें. कांठच्या उथळ पाण्यांत देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतो. महाराष्ट्रांत मुख्यतः याच भागांत उरलेला सारस अशा पाणथळींत कंद व किडे शोधतो.

यावरून दिसून येईल कीं, सबंध तळ खरवडून व कांठ उभे बांधून काढल्यास तलावांत पाणी अधिक मावेल, परंतु बीज, कंद आणि उथळ कांठ नाहींसे होऊन वरील सारी सृष्टि निराधार होईल. शहरांतील एखाद्या तळ्याचें सुशोभन होत असतां नागरिकांनींही हाच प्रश्न विचारावा: पाणी किती मावेल याबरोबरच, त्यांत जगेल काय?