सायकलीचे गिअर : दोष व जुळणी
मागील चाकावरील लहानमोठ्या दंतचक्रांवर साखळी सरकवून पेडलवरील जोर कमीअधिक करणारी योजना. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या सपाट भागात एका दंतचक्राची सायकल पुरते, अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या (१,६४६ मी.) परिसरातील चढांवर गिअर हवेसे वाटतात.

गिअर नीट पडेनासे झाले की, नवशिका बहुधा डिरेलरवरील दोन स्क्रूंना प्रथम हात घालतो. हे स्क्रू साखळीला दोन टोकांस केवळ थोपवितात. त्यांपैकी ‘एल’ खुणेचा स्क्रू फार सैल केल्यास साखळी सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे, स्पोकांत जाऊन चाक जागीच अडकते. आणि हे नेमके चढावर घडते. मधल्या गिअरांतील दोष बहुतेक वेळा केबलच्या ताणाचा असतो. नवी केबल काही दिवसांतच सैलावते.

मागील चाक अधांतरी ठेवून पेडल फिरवीत एकेक गिअर बदलून पाहावा. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास रेंगाळत असल्यास, केबल डिरेलरमध्ये शिरते तेथील हाताने फिरणारी नळी, मागून पाहता, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावी. लहान चक्रावर उतरण्यास रेंगाळल्यास सुलट. केबल गंजलेली किंवा डिरेलरचा आधार वाकलेला असल्यास ही जुळणी टिकत नाही. पडलेल्या सायकलीचा आधार म्हणून आधी तपासावा.