चार अब्जांच्या एका संख्येची कैफियत

एखाद्या एकाच संख्येचा परिचय लिहून द्यावा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा माझ्या मनापुढे 4,29,49,67,297 हीच संख्या उभी राहिली. कारण मोठमोठ्या गणितज्ञांना विनय शिकविण्याचे श्रेय तिच्याइतके क्वचितच दुसऱ्या संख्येकडे जात असेल.

तिचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. तुलूजच्या न्यायसभेत सल्लागाराच्या हुद्द्यावर असलेल्या फर्माने 1640 साली पत्राद्वारे असे कळविले, की दोनचा घातांक 1, 2, 4, 8, 16 असा दुप्पट करीत जावे आणि आलेल्या घातात एक मिळवावा, म्हणजे हाती येणाऱ्या 3, 5, 17, 257, 65537 या संख्यांप्रमाणेच पुढील सर्व संख्याही मूळ असाव्यात. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे नमूद केले. घातांक 32 घेतला, की येते ती आपली संख्या. गोल्डबाखने 1729 साली या विधानाकडे ऑयलरचे लक्ष वेधले आणि 1732 साली ऑयलरने निकाल दिला : हिला 641 ने निःशेष भाग जातो.

हा विभाजक गवसण्याची रीत मला विलक्षण मोहविते. एरव्ही 65536 च्या आतील 6542 मूळ संख्या एकेक करून तपासाव्या लागल्या असत्या. पण या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला 64 ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम ऑयलरने पुढे सिद्ध केला, आणि त्या चाळणीतून 193, 257, 449, 577 एवढ्या चारच संख्या उतरल्यानंतर पाचवी येते ती 641. कागदावर पाहावे : 640 म्हणजे 5 गुणिले 128, आणि 641 म्हणजे 625 अधिक 16. 641 च्या हिशेबी 640 ची बाकी उणे एक, म्हणून तिच्या चौथ्या घाताची बाकी एक. हा चौथा घात म्हणजे 625 गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात, आणि त्यातील 625 च्या जागी त्याच हिशेबाने उणे 16 ठेवले, की उणे दोनचा बत्तिसावा घातही बाकी एकच ठेवतो. अर्थात दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक, आणि त्यात एक मिळविताच बाकी शून्य होते. चार ओळींत एवढा प्रचंड आकडा शरण येतो!

पुढील वाट मात्र बिकट आहे. घातांक 64 च्या संख्येचे अवयव लांद्रीने 1880 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध केले. एकोणचाळीस अंकी पुढील संख्या 1970 साली यंत्राच्या साहाय्याने फुटली. आणि घातांक 4096 पर्यंत पोहोचताच संपूर्ण अवयव पाडण्याचे काम आजही अपुरे राहिले आहे. फर्माच्या पहिल्या पाच संख्यांनंतर एकही मूळ संख्या या मालिकेत आजवर आढळलेली नाही. आणखी नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

पाच दाखले अनुकूल पडले म्हणून सिद्धांत ठरत नाही, हा या संख्येने दिलेला धडा आहे. वाचकांनी एकदा स्वहस्ते 67,00,417 ला 641 ने गुणून पाहावे. त्या धड्याची साक्ष तीन ओळींच्या गुणाकारात मिळते.