दवाखान्यातील पत्रव्यवहार : जावक वहीपासून ई-मेलपर्यंत

व्यापारी पत्रव्यवहार हा विषय आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. चौकशीचे पत्र, मागणीपत्र, तक्रारीचे पत्र, वसुलीचे पत्र असे त्याचे प्रकार आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो आणि पेपर झाला की विसरून जातो. परंतु जेथे प्रश्न मालाचा नसून माणसाच्या प्रकृतीचा असतो, त्या दवाखान्यातील पत्रव्यवहाराचा विचार सहसा कोणी करीत नाही. गेले वर्षभर संध्याकाळच्या वेळी बेळगावातील एका दवाखान्यात मी लिखापढीचे काम पाहतो. त्या अनुभवावरून व थोड्या वाचनावरून या विषयाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

दवाखान्यातून बाहेर पडणारे कागद मुख्यतः चार प्रकारचे असतात. एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे रुग्ण पाठविताना दिलेली चिठ्ठी हा पहिला प्रकार. रुग्णाला घरी सोडताना दिलेले डिस्चार्ज कार्ड हा दुसरा, रजेसाठी वा इतर कामासाठी दिलेला दाखला हा तिसरा आणि विमा कंपनीशी होणारा पत्रव्यवहार हा चौथा.

यांपैकी पहिली चिठ्ठी दिसायला लहान, पण सर्वांत मोलाची. तीत रुग्णाचे नाव व वय, त्रास कोणता व केव्हापासून, तपासणीत काय आढळले, कोणते औषध किती व किती वाजता दिले, कोणत्या औषधाचे वावडे आहे आणि पुढील डॉक्टरांकडून नेमकी काय अपेक्षा आहे, एवढे तरी असावेच लागते. ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ एवढ्या एका ओळीची चिठ्ठी म्हणजे दर व नग न लिहिलेले मागणीपत्रच होय. रात्री उशिरा खानापूर किंवा चंदगडकडून रुग्ण येतो, बरोबरच्या नातेवाइकांना औषधाचे नाव सांगता येत नाही. अशा वेळी आधी दिलेले औषध पुन्हा दिले जाणार की नाही, हे त्या चिठ्ठीवरच ठरते.

आकडे लिहिण्याची दवाखान्यातील रीत आमच्या रीतीच्या अगदी उलट आहे, याचे मला प्रथम मोठे नवल वाटले. हिशेबात आपण पाच रुपये ‘५.००’ असे लिहितो, कारण मोकळ्या जागेत कोणी आकडा घालू नये. औषधाच्या मात्रेत मात्र ‘५.०’ असे कधीही लिहू नये. टिंब पुसट झाले तर ते ‘५०’ वाचले जाते. याउलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबापूर्वी शून्य हवेच, म्हणजे ‘०.५’. ते शून्य गाळले आणि टिंब दिसले नाही, तर अर्ध्याचे पाच होतात. दोन्हीकडे मात्रा दहापट! आपल्या वहीतील अशी चूक बहुधा तेरीज जुळेना म्हणजे कळते. येथे तेरीज नसते.

संक्षिप्त अक्षरांचेही तसेच. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, असे औषध दुकानदार जाणतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा! म्हणून रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे सरळ लिहिणे बरे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केलेला आहेच.

आता भाषेचा प्रश्न. आमच्या भागात एकाच बाकावर मराठी, कन्नड व कोकणी बोलणारे रुग्ण बसलेले असतात. कन्नडमध्ये येणाऱ्या परवाला ‘नाडिद्दु’ आणि गेलेल्या परवाला ‘मोन्ने’ असे दोन निराळे शब्द आहेत. आपल्या मराठीत दोन्हींना ‘परवा’च. बोलताना अर्थ कळतो, पण ‘परवाचा रिपोर्ट घेऊन यावे’ असा निरोप लिहिला, तर कोणता परवा? म्हणून निरोपात नेहमी तारीख आणि वार दोन्ही लिहावेत, व महिना आकड्याऐवजी अक्षरांत लिहावा. ‘उपाशीपोटी यावे’ हेही पुरेसे नाही. पुष्कळ लोक चहाला खाणे मानीतच नाहीत. ‘रात्री दहानंतर साध्या पाण्याखेरीज काही घेऊ नये, चहाही घेऊ नये’ असे लिहिले की रक्ताची तपासणी वाया जात नाही आणि गरीब माणसाचा पुन्हा येण्याचा एस. टी. खर्च वाचतो.

नावाच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. मराठी रिवाजाप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. कन्नड भागात पुष्कळदा नावाला केवळ आद्याक्षरे जोडतात. इंग्रजी स्पेलिंग जो तो आपापल्या मनाने करतो. एका शेतकरी काकांचे नाव विमापत्रावर एक व दवाखान्याच्या कागदावर दुसरे पडले होते. दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत असे डॉक्टरांचे पत्र जाईपर्यंत मंजुरी अडली आणि बरे झालेला माणूस आणखी एक रात्र खाटेवर राहिला. तेवढ्या वेळात त्यांच्या मुलाने पाहुण्यांकडे उसने पैसे मागायलाही सुरुवात केली होती. घरी सोडण्याची विनंती आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सांगितले आहे. परंतु कागदच जुळत नसतील, तर नियमाचा उपयोग तो काय!

आता ई-मेलकडे वळू. एका संगणकावरून दुसऱ्यावर असे पत्र पाठविण्याची सोय रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये केली. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने विद्युत अभिलेखास कायदेशीर मान्यता मिळाली. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत ई-मेलने सल्ला घेण्याचीही तरतूद आहे. रुग्णाने स्वतः होऊन विचारणा केली तर त्याची संमती गृहीत धरतात. डॉक्टरांनी अशा पत्रावर आपला नोंदणी क्रमांक दाखवावा लागतो. मात्र छातीत दुखणे, श्वास लागणे अशा तातडीच्या प्रसंगी ई-मेल हे साधनच नव्हे. ते पत्र केव्हा उघडले जाईल, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून दवाखान्याच्या प्रत्येक ई-मेलखाली ‘तातडीच्या वेळी फोन करावा किंवा थेट यावे’ ही ओळ असावी.

ई-मेलमध्ये ‘सीसी’ व ‘बीसीसी’ अशा दोन जागा असतात. पूर्वी टंकलेखन करताना कार्बन कागद घालून जी जादा प्रत निघे, तिचेच नाव ‘सीसी’मध्ये राहिले आहे. ‘बीसीसी’मध्ये ज्यांचे पत्ते घातले, ते इतरांना दिसत नाहीत. हा भेद क्षुल्लक नव्हे. २०१५ मध्ये लंडनच्या एका दवाखान्याने एचआयव्हीसंबंधी सेवा घेणाऱ्या सुमारे ७८० जणांना एक पत्रक पाठविले, तेव्हा सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. पुष्कळ पत्त्यांत पूर्ण नावे होती. पुढल्या वर्षी त्या संस्थेला १,८०,००० पौंड दंड झाला. पण फुटलेले गुपित दंड भरून परत येत नाही. आपल्या गावात तर कोण कोणाचा पाहुणा निघेल, सांगता येत नाही! म्हणून विषयाच्या ओळीत रोगाचे नाव लिहू नये, पाठविण्यापूर्वी नाव व वय दोन्ही ताडून पाहावे आणि सहपत्र उघडून ते त्याच रुग्णाचे आहे ना, याची खात्री करावी.

शेवटी दप्तराविषयी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात व रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. दिलेल्या दाखल्यांची नोंदवही व प्रत्येकाची प्रत ठेवणेही बंधनकारक आहे. म्हणजे आवक-जावक वही, स्थळप्रत आणि पोच ही जुनी त्रयी संगणक आला तरी सुटलेली नाही. ई-मेल पाठविला एवढ्याने भागत नाही, तो पोचल्याचे उत्तर आले की नाही हेही नोंदवावे लागते.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या एखाद्या रुग्णालयाच्या कचेरीत नोकरीला लागतील. औषध देणे आपले काम नव्हे. परंतु औषधाचा कागद योग्य माणसाच्या हाती, त्याला कळेल अशा भाषेत आणि वेळेवर पोचविणे हे आपले काम असेल. ते नीट केले, तर खाटेवरच्या माणसाची एक रात्र आणि त्याच्या घरच्यांची एक उसनवारी तरी नक्की वाचेल.